न जुळणाऱ्या यंत्रांचं जमतं कसं?

युरोपीय संघाच्या ‘डिजिटल मार्केट्स अॅक्ट’नं बड्या मेसेजिंग कंपन्यांना एक अट घातली आहे. दुसऱ्या कंपनीनं मागणी केली, तर तिच्या अॅपवरून तुमच्या अॅपवर निरोप येता-जाता आला पाहिजे. मार्च २०२४ मध्ये या कायद्याची बंधनं लागू झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉट्सअॅपनं युरोपातल्या वापरकर्त्यांसाठी बर्डीचॅट आणि हायकेट या दोन छोट्या अॅप्सना दार उघडत असल्याचं जाहीर केलं. बातमी वाचून अनेकांना पडलेला प्रश्न साधा आहे: यात कायदा करण्यासारखं काय होतं? जीमेलवरून याहूवर मेल जातो. एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमवर फोन लागतो, दोन्ही फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी लागतो. मग मेसेजच्याच बाबतीत घोडं कुठे पेंड खातं?

अॅपपासून सुरुवात केली तर याचं उत्तर सापडत नाही. आधी पार तळाशी, तारा आणि लहरींपर्यंत जावं लागतं आणि तिथून एकेक थर चढत वर यावं लागतं.

सुरुवातच बेमेळ यंत्रांपासून

इंटरनेटचा पूर्वज म्हणजे अर्पानेट. १९६९ साली अमेरिकेतल्या चार संस्था त्यावर जोडल्या गेल्या आणि चारही ठिकाणचे संगणक वेगवेगळ्या जातकुळीचे होते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिग्मा ७, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एसडीएस ९४०, सांता बार्बराला आयबीएम ३६०/७५ आणि युटामध्ये पीडीपी-१०. संगणकाला कळतं ते फक्त शून्य आणि एक. अशा एका चिन्हाला बिट म्हणतात आणि आठ बिटांचा बाइट होतो. आता गंमत पाहा. सिग्मा आणि आयबीएम एका वेळी ३२ बिट हाताळायचे, एसडीएस २४, तर पीडीपी चक्क ३६. एकाचा आकडा दुसऱ्याच्या मापात बसतच नव्हता.

यांना एकसारखं करायच्या फंदात कुणी पडलं नाही. प्रत्येक संगणकासमोर एक छोटा संगणक बसवला गेला. हे छोटे संगणक मात्र चारही ठिकाणी सारखेच होते आणि एकमेकांशी तेच बोलायचे. मोठ्या संगणकानं आपल्या दारातल्या छोट्याशी कसं बोलायचं एवढंच शिकायचं, पलीकडे कोण बसलंय याची त्याला फिकीर नाही. २९ ऑक्टोबर १९६९ ला पहिला प्रयत्न झाला. ‘लॉगिन’ या इंग्रजी शब्दाची एल आणि ओ ही पहिली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. तासाभरानं पुन्हा खटपट केली तेव्हा जमलं.

पुढची अडचण जास्त मोठी होती. काही वर्षांत नेटवर्कच अनेक झाली. तारेवरचं अर्पानेट, रेडिओ लहरींवरचं एक, उपग्रहावरचं एक. प्रत्येकाचा वेग निराळा, चुकांचं प्रमाण निराळं, एका वेळी वाहून नेता येणाऱ्या माहितीचा आकारही निराळा. बॉब कान आणि व्हिंट सर्फ यांनी मे १९७४ मध्ये छापून आलेल्या शोधनिबंधात यावरचा उपाय मांडला. कुठल्याही नेटवर्कच्या पोटात हात घालायचा नाही. दोन नेटवर्कच्या सीमेवर एक यंत्र ठेवायचं, त्याला आज आपण राउटर म्हणतो. माहितीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहायचा, आणि राउटरनं तो पत्ता वाचून तुकडा पुढच्या नेटवर्कवर ढकलायचा. पत्त्यासकटच्या या तुकड्याला पॅकेट म्हणतात.

२२ नोव्हेंबर १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या रस्त्यावर धावणाऱ्या एका व्हॅनमधून याची परीक्षा झाली. व्हॅनमधून निघालेली पॅकेटं रेडिओवरून अर्पानेटवर गेली, अटलांटिक ओलांडून युरोपात पोचली, उपग्रहावरून अमेरिकेत परतली आणि शेवटी लॉस एंजेलिसजवळच्या एका संगणकावर उतरली. प्रत्यक्षात हे अंतर पाच-सहाशे किलोमीटरचं. पण तीन वेगळ्या स्वभावाची नेटवर्क पार करून निरोप धड पोचला, आणि वाटेतल्या कुठल्याच नेटवर्कला आपला स्वभाव बदलावा लागला नाही.

करार किती छोटा असावा?

पॅकेटवर काय लिहायचं आणि ते कसं वाचायचं, या नियमांना इंटरनेट प्रोटोकॉल म्हणतात. प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी आधीच मान्य केलेली बोलण्याची रीत. सप्टेंबर १९८१ मध्ये या नियमांचं जे रूप प्रसिद्ध झालं, ते आजही वापरात आहे. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे ते जवळजवळ कशाचीच हमी देत नाही. पॅकेट पोचेल? सांगता येत नाही. क्रमानं पोचेल? तेही नाही. एकदाच पोचेल? कदाचित दोनदा. पोचवायचा प्रयत्न होईल, इतकंच वचन. हरवलेलं पुन्हा मागवणं, क्रम लावणं ही कामं दोन टोकांच्या संगणकांनी आपापसात करायची. त्यासाठी टीसीपी नावाचा वेगळा प्रोटोकॉल आहे.

जहाज, रेल्वे आणि ट्रक या तिन्हींवरून जाणाऱ्या मालाच्या कंटेनरचं तसंच आहे. ठरलेलं काय असतं? बाहेरची मापं आणि आठ कोपऱ्यांवरच्या पकडी. क्रेनला तेवढ्याच कळतात. आत कापूस आहे की यंत्रं, हे क्रेनवाला विचारत नाही, आणि जहाजाचं इंजिन कसलं आहे हे कंटेनरला ठाऊक नसतं. मधली अट इतकी तोकडी, म्हणून दोन्ही बाजूंना हवा तेवढा बदल करता येतो. ‘आत डोकावायचं नाही’ हा नियम ध्यानात ठेवा, शेवटी तोच कळीचा ठरणार आहे.

करार छोटा असण्याची कमाल एका थट्टेनं दाखवली. १ एप्रिल १९९० ला इंटरनेटच्या नियमावलींच्या मालिकेत कबुतरांच्या पायाला कागद बांधून पॅकेटं पाठवण्याचा नियम गंभीर चेहऱ्यानं प्रसिद्ध झाला. २००१ साली नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या लिनक्सप्रेमींनी तो खरोखर करून पाहिला. नऊ पॅकेटं पाठवली, चारांची उत्तरं आली, सगळ्यात चपळ उत्तराला ५३ मिनिटं लागली. टवाळी म्हणून ठीक, पण तांत्रिकदृष्ट्या तेही इंटरनेटच होतं. नियमांत किमान वेगाची अट नाही आणि पंख नसावेत असंही कुठे म्हटलेलं नाही.

मग सगळीकडे एकच नेटवर्क का नको?

हा आक्षेप रास्त वाटतो, पण तो निसर्गनियमांपुढे टिकत नाही. भिंतीवरच्या तापमापकाला नाण्याएवढ्या बॅटरीवर काही वर्षं काढायची असतात. त्याला दर तासाला दोन आकडे पाठवायचे असतात. व्हिडिओला दर सेकंदाला लाखो बिट लागतात. एकाच प्रकारच्या रेडिओत कमी वीज, लांबचा पल्ला आणि प्रचंड वेग हे तिन्ही एकत्र मिळत नाहीत. पृथ्वीसोबत फिरणारा उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो, म्हणून एकटा तो जगाचा मोठा तुकडा व्यापतो. पण प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो. साडेपाचशे किलोमीटरवरचे उपग्रह झटपट उत्तर देतात, पण ते आकाशात थांबत नाहीत, त्यामुळे हजारोंनी लागतात. यातलं कुठलंही एक निवडून बाकीची मोडीत काढता येणार नाहीत.

‘बरं, मग प्रत्येक जोडीसाठी एक दुभाष्या बसवा’ असं कुणी म्हणेल. दहा प्रकारच्या नेटवर्कना ४५ दुभाषे लागतात. शंभर प्रकार झाले की ४,९५०. मधे एक सामाईक रीत असेल तर शंभरांना शंभर पुरतात.

पण सामाईक रीतही फुकट येत नाही. घरगुती सेन्सरांच्या रेडिओवर एका खेपेत जास्तीत जास्त १२७ बाइट जातात. इंटरनेट प्रोटोकॉलच्या नव्या आवृत्तीत, म्हणजे आयपीव्ही६ मध्ये, पत्ता वगैरे मजकुराचेच ४० बाइट होतात. शिवाय या आवृत्तीची अट अशी, की खालच्या नेटवर्कला १,२८० बाइटांचं पॅकेट नेता आलं पाहिजे. सायकलच्या कॅरिअरवर कपाट लादण्यातलाच प्रकार! २००७ साली यावर एक मधला थर तयार झाला. तो दोन कामं करतो. दोन्ही टोकांना आधीच माहीत असलेला पत्त्याचा भाग गाळून टाकतो, आणि मोठं पॅकेट तुकड्यांत पाठवून पलीकडे पुन्हा सांधतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेलं ‘मॅटर’ हे स्मार्ट उपकरणांचं मानक आयपीव्ही६ वरच उभं आहे. अॅपल, गुगल, अॅमेझॉन, सॅमसंग यांच्यासारख्या एकमेकींच्या पायात पाय घालणाऱ्या कंपन्या त्यासाठी एका टेबलाशी बसल्या.

पॅकेट पोचलं, पण आतला आकडा?

समजा, पॅकेट पोचलं. आत ‘१’ हा आकडा चार बाइटांत लिहिलेला आहे: शून्य, शून्य, शून्य, एक. काही संगणक मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवतात, काही लहान किमतीचा. दुसऱ्या गटातल्या संगणकानं हेच चार बाइट आपल्या सवयीनं वाचले, तर त्याला ‘१’ दिसत नाही. दिसतो १,६७,७७,२१६. बाइट एकही चुकलेला नाही, तरी एकाचे पावणेदोन कोटी झाले.

या दोन गटांत इतकं जुंपलं होतं, की डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञानं १ एप्रिल १९८० ला शांततेचं आवाहन करणारं टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं होतं, कुठलाही क्रम निवडा, पण सगळे मिळून एकच निवडा. इंटरनेटच्या पॅकेटांत मोठा बाइट आधी, हा क्रम पक्का झाला. आज बहुतेक फोन आणि लॅपटॉप आतून लहान बाइट आधी ठेवणारे आहेत, म्हणजे पाठवताना उलटायचं आणि घेताना सुलटायचं, हा उद्योग अहोरात्र चालू असतो.

अक्षरांचं दुखणं आपल्या जास्त ओळखीचं. युनिकोड या जागतिक तक्त्यात ‘म’ला २३५० हा क्रमांक आहे. तो पाठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत म्हणजे यूटीएफ-८, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली घडवलेली. तिच्यात ‘म’चे तीन बाइट होतात: २२४, १६४, १७४. घेणारा प्रोग्रॅम जुन्या पाश्चात्त्य तक्त्यातून वाचत असेल, तर त्याला तीन वेगळी चिन्हं दिसतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, चार कोपऱ्यांना काटे फुटलेला गोल, आणि वर्तुळातला आर. मराठी मेल उघडल्यावर असला कचरा पाहिला नाही असा माणूस विरळा. मेल बिघडलेला नसतो, वाचणाऱ्यानं चुकीचा तक्ता उघडलेला असतो.

एसएमएसमध्ये हीच गोष्ट खिशाला लागते. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. सात-सात बिटांची इंग्रजी अक्षरं त्यात १६० बसतात. मजकुरात देवनागरीचं एक जरी अक्षर आलं, तरी अख्खा मजकूर सोळा-सोळा बिटांनी लिहिला जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्यातही वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात, ‘किती’ लिहिलं की चार खर्ची पडले.

आणखी एक फसवी जागा आहे. वेबवर माहिती बहुतेकदा जेसॉन नावाच्या साध्या मजकुरी रूपात फिरते. एका सर्व्हरनं ९००७१९९२५४७४०९९३ असा क्रमांक पाठवला आणि ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टनं तो आकडा म्हणून वाचला, तर शेवटचा ३ जाऊन तिथे २ येतो, कारण जावास्क्रिप्टचे नेहमीचे आकडे त्या पट्ट्याच्या पुढे प्रत्येक पूर्णांक धरून ठेवू शकत नाहीत. ट्विटरला २०१० साली आपल्या ट्वीटचे क्रमांक आकड्यांच्या जोडीला अक्षरी मजकूर म्हणूनही पाठवायला सुरुवात करावी लागली, ती यामुळेच.

आकडा बरोबर, अर्थ चूक

२३ सप्टेंबर १९९९ ला नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ मंगळाशी पोचताना नाहीसं झालं. जमिनीवरची एक संगणकप्रणाली यानाला बसलेल्या रेट्याचे आकडे पाउंडांत देत होती, घेणारी प्रणाली ते न्यूटनमध्ये आहेत असं धरून चालली होती. फरक जवळजवळ साडेचार पट. यान मंगळापासून सव्वादोनशे किलोमीटर उंचीवरून जायला हवं होतं, प्रत्यक्षात ते ५७ किलोमीटरच्या आसपास खाली गेलं. आकडे बिनचूक पोचले होते, क्रम बरोबर होता, तक्ता बरोबर होता. आणि माझ्या मते सगळ्यात बोचरी गोष्ट ही, की न्यूटन वापरायचं हे लेखी ठरलेलं होतं. दोन टोकं कराराप्रमाणे वागताहेत का, हे जोडून पाहायचं राहून गेलं.

सन मायक्रोसिस्टिम्समधल्या अभियंत्यांनी १९९० च्या दशकात नेटवर्कबद्दलच्या भ्रमांची एक यादी केली होती. तिच्यातला शेवटचा, आठवा भ्रम जेम्स गॉसलिंग यांनी घातला: ‘नेटवर्क सगळीकडे एकसारखं असतं.’ टीसीपीसुद्धा या भ्रमातून सुटलेला नव्हता. पॅकेट हरवलं म्हणजे रस्त्यात गर्दी आहे, असं समजून तो वेग कमी करतो. तारेवर हे शहाणपणाचं. रेडिओवर मात्र पॅकेट गर्दीमुळेच हरवतं असं नाही; मधे भिंत आली, लहरी कापल्या गेल्या, तरी हरवतं. अशा वेळी वेग कमी करून काहीच साधत नाही. म्हणून वायफाय आणि मोबाइलचे टॉवर हरवलेला तुकडा खालच्या खाली पुन्हा पाठवतात आणि वरच्या टीसीपीला पत्ता लागू देत नाहीत. मंगळाशी बोलताना ही मखलाशीही चालत नाही, कारण निरोप एका बाजूनं पोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. तिथे दर टप्प्यावर माहिती साठवून, पुढची वाट मोकळी झाली की पाठवायची, असा वेगळा प्रोटोकॉल आहे.

प्रोग्रॅमच्या बाबतीतही हीच कथा आहे, ती थोडक्यात सांगतो. वेगवेगळ्या प्रोसेसरवर एकच प्रोग्रॅम चालावा म्हणून जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेनं १९९५ साली मधे एक काल्पनिक यंत्र उभं केलं. प्रोग्रॅम त्या यंत्रासाठी लिहायचा आणि ते यंत्र प्रत्येक संगणकावर बसवायचं. ब्राउझरमधलं वेबअसेंब्ली हे त्याच कल्पनेचं नवं रूप.

मग मेसेजिंगचं अडलं कुठे?

वरचे सगळे थर मेसेजिंग अॅप्सना आयते मिळाले आहेत. पॅकेटं तीच, युनिकोड तेच. तरी दोन अॅप्स बोलत नाहीत याचं एक कारण व्यवहाराचं आहे. मेल पोचवण्याचा प्रोटोकॉल १९८२ साली खुलेपणानं ठरला, मेलवर पैसा कमावणाऱ्या कंपन्या नंतर आल्या. त्यांना जुनी रीत पाळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मेसेजिंग अॅप्स आली तेव्हा असली खुली रीत रुजलेलीच नव्हती, आणि ज्याच्याकडे सगळी माणसं आहेत त्याला ती रुजवण्यात काही फायदाही नव्हता.

दुसरं कारण मात्र खरंखुरं तांत्रिक आहे, आणि कंपन्यांच्या टीकाकारांनीही ते मान्य करायला हवं. व्हॉट्सअॅपचे निरोप एन्क्रिप्टेड असतात. म्हणजे पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूप लागतं ते घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतं. १९७७ च्या राउटरनं पॅकेटवरचा पत्ता वाचला, आत पाहायची त्याला गरजच पडली नाही. दोन अॅप्सच्या मधे दुभाष्या बसवायचा तर त्याला निरोप उघडून, दुसऱ्याच्या पद्धतीनं लिहून, पुन्हा बंद करावा लागेल. म्हणजे कुलूप तुटलंच. त्यामुळे दुभाष्याचा मार्ग बंद होतो आणि दोन्ही टोकांनी एकच कुलूप वापरायचं एवढंच उरतं. युरोपीय कायदा सुरक्षेची पातळी उतरू न देण्याची अट घालतो. व्हॉट्सअॅप स्वतः सिग्नल प्रोटोकॉल ही कुलूप लावायची पद्धत वापरतं आणि जोडू पाहणाऱ्यांनी तोच वापरावा किंवा तोडीस तोड सुरक्षा सिद्ध करावी, असं त्याचं म्हणणं आहे. कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं कुलूपही आता तयार आहे: जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेलं एमएलएस हे मानक.

सामाईक रीत गोठून बसत नाही का?

बसते, आणि हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. एका कंपनीचं अॅप रात्रीत बदलता येतं, सगळ्यांचा करार बदलायला वर्षं जातात. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेटनं जुनी रीत टाकून टीसीपी-आयपी स्वीकारलं, तेव्हा ते ठरवून एका दिवसात करता आलं, कारण जोडलेले संगणक मोजके होते. जुन्या पत्त्यांची संख्या जेमतेम ४३० कोटी, ती पुरणार नाही हे कळल्यावर नव्वदच्या दशकात आयपीव्ही६ आलं. तीस वर्षं होत आली तरी दोन्ही शेजारी शेजारी चालू आहेत. एसएमएसची जागा घेऊ पाहणाऱ्या आरसीएसवर २००७ पासून काम चाललं होतं. आयफोननं ते सप्टेंबर २०२४ मध्ये घेतलं. आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यातल्या निरोपांना कुलूप लावण्याचं एमएलएसवर आधारलेलं मानक तर त्यानंतर, मार्च २०२५ मध्ये जाहीर झालं.

उपद्रवी मेसेज वाढतील, हेही खरं. मेलच्या मोकळ्या दारातून काय काय आत आलं, ते प्रत्येकाच्या स्पॅमच्या कप्प्यात दिसतं. ते रोखायला मोठ्या मेल कंपन्यांनी इतक्या चाळण्या लावल्या, की स्वतःचा छोटा मेल सर्व्हर चालवणाऱ्याचे सरळ मेलही कधी कधी अडकतात. रीत खुली राहिली, पण दारावरची चौकी पुन्हा बड्यांच्याच हाती गेली.

युरोपच्या कायद्यानं म्हणूनच टप्पे पाडले आहेत. आधी दोन व्यक्तींमधले निरोप, फोटो, व्हिडिओ आणि फायली. ग्रुपसाठी दोन वर्षांची मुदत, आवाजी आणि व्हिडिओ कॉलसाठी चार, आणि ही मुदत कंपनीला कायद्याच्या कक्षेत घेतल्यापासून मोजायची. व्हॉट्सअॅपवर ही सोय ज्याला हवी त्यानं स्वतः सुरू करायची आहे; न केल्यास परक्या अॅपवरचा निरोप येणार नाही. युरोपबाहेरच्या फोनवर यातलं काहीच दिसत नाही. तिथे हा कायदा लागू नाही आणि आपणहून दार उघडावं असं कुठल्या बड्या कंपनीला वाटल्याचंही अजून दिसलेलं नाही.